पॉइंट सोळा टक्के ऊन

माणसाने आयुष्यात एकदा तरी ऊन वाटायला बसावं. पुन्हा कसलंही सार्वजनिक काम अंगावर घ्यायची हौस म्हणून राहत नाही.

फूटपट्टीकाका बसले होते. फूटपट्टी हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. पण पाणीपुरवठ्याच्या नकाशे खात्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढलेल्या आणि निवृत्त झाल्यावरही पावाचे काप मोजून सारखे करणाऱ्या माणसाला चोवीस बिऱ्हाडांच्या इमारतीने दुसरं काय म्हणावं? त्यांची बायकोसुद्धा चिडली की म्हणायची, "अहो फूटपट्टी, जरा वाकायला शिका." काका म्हणायचे, "वाकली तर ती फूटपट्टी कसली?" यावर काकू कपाळाला हात लावायच्या आणि विषय तिथेच मिटायचा.

तर हे सगळं सुरू झालं ते एका आवाजावरून. म्हणजे आवाज बंद पडल्यावरून.

काका राहायचे पहिल्या मजल्यावर. त्यांच्या बरोबर खाली, तळमजल्यावर, मीटरच्या खोलीसमोर घड्याळजी राहायचे. उभा जन्म दुसऱ्यांची घड्याळं दुरुस्त करण्यात गेला. आता बायको राहिली नव्हती, मुलगी लांब, आणि फुप्फुसं थकलेली. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन दिलं होतं आणि बजावलं होतं, चोवीस तास चालू ठेवायचं. ते मशीन घर्रर्र करायचं आणि तो आवाज फरशीतून थेट काकांच्या उशीत यायचा. पहिले पंधरा दिवस काकांची दुपारची झोप उडाली. मग सवय झाली. मग त्या आवाजाशिवाय झोप येईना. माणूस कशाच्या आहारी जाईल, सांगता येत नाही.

आणि एके दिवशी दुपारी बाराच्या ठोक्याला आवाज थांबला. तीनला पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी काका खाली गेले.

घड्याळजी खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते. हात मांडीवर, नजर समोरच्या घड्याळावर. काकांना बघून त्यांनी फक्त एक बोट वर केलं आणि शेजारच्या कागदावर लिहिलं, 'तीनला या.'

तीनला काका पुन्हा गेले. मशीन चालू होतं.

"बारा ते तीन मी हलत नाही, बोलत नाही," घड्याळजी म्हणाले. "न हलणाऱ्या माणसाला हवा कमी लागते. मशीनलाही विश्रांती आणि मीटरलाही."

"अहो, पण डॉक्टर म्हणाले ना चोवीस तास!"

"डॉक्टर माझं लाइटबिल भरत नाहीत. आणि हे बघा, फूटपट्टी, कोणाजवळ बोललात तर आपली ओळख संपली."

ही धमकी पोकळ नव्हती. मागच्या वर्षी काकांनी त्यांचं एक बिल गुपचूप भरून टाकलं होतं. घड्याळजींना ते कळलं. हा दमेकरी माणूस एकेका पायरीवर बसत बसत पहिल्या मजल्यावर आला, पैसे टेबलावर ठेवून गेला आणि त्यानंतर चाळीस दिवस काकांशी बोलला नाही. चाळीस. काकांनी मोजले होते.

आता आली का पंचाईत? मित्र डोळ्यांदेखत रोज तीन तास श्वास वाचवत बसलाय, मदत केली तर तो घेणार नाही, आणि सांगायची चोरी. काकांनी मशीनच्या पाठीमागची पट्टी वाचून ठेवली होती. मशीन महिन्याला अडीचशे युनिट खायचं. हा आकडा त्यांच्या डोक्यात माशीसारखा फिरत राहिला.

अशात त्यांच्या वाचनात आलं की, इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून सोलर बसवता येतं आणि तयार होणारी वीज टक्क्यांप्रमाणे प्रत्येकाच्या बिलातून वजा होते. आपोआप! काका खुर्चीतून उठलेच. इथे कोणी कोणाला देत नाही, कोणी कोणाकडून घेत नाही. ऊन काय कोणाच्या बापाचं आहे? चोवीस बिऱ्हाडांत वाटलं तर घड्याळजींच्या वाट्याला महिन्याला एकशे तेहतीस युनिट आली असती. म्हणजे मशीनचं अर्धं बिल गेलं आणि दुपार सुटली! आणि ज्याचा मान फार त्याचा मानही राहिला.

सभा कशी झाली, वर्गणी कशी जमली, कोणी काय सल्ले दिले, ते सांगत बसलो तर ऊन उतरेल. एकाने विचारलं, ढगाळ दिवशी कंपनी माणूस पाठवते का? एकीला भीती की, सगळं ऊन गच्चीवरच शोषलं गेलं तर खाली बाल्कनीत कपडे वाळणार कसे? पाचव्या मजल्यावरच्या वकीलसाहेबांनी तर करारातल्या प्रत्येक कलमावर हरकत घेतली आणि शेवटी 'हरकती कायम ठेवून' सही केली. एवढं मात्र खरं की, घड्याळजींनी आपली वर्गणी सगळ्यांच्या आधी भरली.

मग पॅनेल बसवायला एक तरुण इंजिनिअरबाई आली. तिने तीन दिवसांत साठ पॅनेल अशी एका ओळीत बसवली की, काकांनी फूटपट्टी लावून पाहिली आणि मुकाट्याने खिशात घातली. चौथ्या दिवशी दोघं गच्चीवर उभे होते.

"काका, हे जे ऊन पॅनेलवर पडतंय ना, ते आठ मिनिटं वीस सेकंदांपूर्वी निघालंय," ती सहज म्हणाली.

"कुठून?"

"सूर्यावरून. पंधरा कोटी किलोमीटर."

काकांनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं. हसू नका. ज्या माणसाने चौतीस वर्षं तलावातून टाकीपर्यंत पाणी आणायचे नकाशे काढले, त्यालाच हे कळेल. अंतर सारं चार किलोमीटर. त्यासाठी पंप, व्हॉल्व्ह, सत्तर माणसं, आणि एवढं करून वाटेत तिसरा हिस्सा गळून जायचा. आणि इथे? पंधरा कोटी किलोमीटर, आणि नळ नाही, व्हॉल्व्ह नाही, कोणाची ड्युटी नाही! निघतं ते थेट इथवर येतं आणि गच्चीवर आवाजसुद्धा न करता उतरतं.

"आणि वाटेत गळती?" काकांनी हळूच विचारलं.

"अवकाशात कसली गळती, काका?"

त्या दिवसापासून काका पॅनेलजवळ हळू आवाजात बोलायला लागले. मोठी माणसं झोपलेली असावीत तसे.

एवढं पंधरा कोटी किलोमीटर बिनबोभाट आलेलं ऊन शेवटी अडलं कुठे? तर गच्चीपासून दोन किलोमीटरवर, वीज कार्यालयात, तिसऱ्या टेबलावर. मंजुरीशिवाय यंत्रणा चालू करता येत नव्हती. इंजिनिअरबाईने बसवलेल्या इन्व्हर्टरच्या डब्यावर लाल दिवा लागलेला होता आणि आकडा होता शून्य. वरून मुसळधार ऊन आणि आकडा शून्य! त्यात आमच्या भागातल्या ट्रान्सफॉर्मरवर जागा मोजकीच. तीस तारखेच्या आत वाटणीचा अर्ज मंजूर झाला तर ती जागा आपली, नाहीतर शेजारच्या इमारतीची. शेजारची मंडळी रोज खिडकीतून आमच्या गच्चीकडे टक लावून बघायची.

अर्ज काकांनी स्वतः भरला. काळ्या शाईत, सुवाच्य, प्रत्येक आकडा उभ्या ओळीत. चोवीस बिऱ्हाडं, समान वाटणी. अर्जात पॉइंटनंतर दोनच घरं होती, तेव्हा प्रत्येकी चार पॉइंट एक सहा टक्के. कार्यालयातल्या कारकुनाने ते आकडे कॉम्प्युटरवर टाकले, एक बटण दाबलं आणि कागद परत सरकवला.

"बेरीज नव्याण्णव पॉइंट आठ चार येते," कारकून म्हणाला. "पॉइंट सोळा टक्के कोणाचे?"

"कोणाचेच नाहीत. ते भागाकारात उरले."

"असं चालत नाही, काका. ऊन शिल्लक ठेवता येत नाही. बेरीज शंभरच पाहिजे." आणि त्याने लाल पेनने अर्जावर एक भलामोठा गोल काढला. चौतीस वर्षांत काकांच्या कागदावर कोणी रबरसुद्धा फिरवला नव्हता. त्या लाल गोलाकडे त्यांना बघवेना. येताना त्यांनी अर्ज उलटा धरला होता.

दुसऱ्या दिवशी ते प्रत्येकी चार पॉइंट एक सात करून घेऊन गेले. कारकुनाने पुन्हा बटण दाबलं.

"शंभर पॉइंट शून्य आठ! काका, आता तर सूर्याकडे आहे त्यापेक्षा जास्त वाटलंत."

रांगेतले लोक हसले. काका कानापर्यंत लाल झाले.

"मग मी करू काय?"

"सोपं आहे. काहींना पॉइंट एक सात, काहींना पॉइंट एक सहा. पण मग वाटणी असमान झाली. त्याचं कारण लिहायचं आणि चोवीसही जणांच्या नव्याने सह्या आणायच्या. परवा तीस तारीख, लक्षात आहे ना?"

काकांनी घरी जाऊन गणित मांडलं. सोळा बिऱ्हाडांना चार पॉइंट एक सात आणि आठ बिऱ्हाडांना चार पॉइंट एक सहा. बेरीज बरोब्बर शंभर. फरक किती? वर्षाला चार युनिट. एक इस्त्री वर्षभरात चार तास कमी चालवायची, एवढाच काय तो त्याग. काकू म्हणाल्या, "मग प्रश्न काय आहे?" काका म्हणाले, "प्रश्न एवढाच, की ते आठ जण कोण?"

सकाळी साडेदहाला गच्चीवर, पॅनेलच्या साक्षीने सभा भरली. अध्यक्षबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी येताना शाळेतली घंटा आणली होती. निवृत्तीच्या वेळी त्यांनी एवढीच एक गोष्ट मागून घेतली होती, असं म्हणतात.

"साधी गोष्ट आहे," त्या म्हणाल्या. "आठ जणांनी हात वर करा."

एकही हात वर झाला नाही. जे लोक रोज जिन्यातला दिवा दिवसाढवळ्या जळत ठेवतात, ते वर्षाच्या चार युनिटांसाठी हाताची घडी घालून उभे राहिले.

"मुळात समान वाटणी हाच अन्याय आहे," वकीलसाहेब म्हणाले. "ऊन पडतं कोणाच्या डोक्यावर? पाचव्या मजल्याच्या! छत तापतं आमचं. तेव्हा पहिला हक्क आमचा."

"आणि आम्ही तळमजल्याला?" तळमजल्यावरची एक बाई उसळली. "आम्हाला बारा महिने ऊन दिसत नाही! आम्हाला तर भरपाई म्हणून जास्त पाहिजे."

"चिठ्ठ्या टाका," कोणीतरी म्हणालं.

"चिठ्ठ्या म्हणजे जुगार. मी हरकत नोंदवतो," वकीलसाहेब म्हणाले.

"मग दरवर्षी आळीपाळीने."

"आणि लीप वर्षाचा जादा दिवस कोणाचा?"

काकांचा धीर सुटला. ते पुढे झाले. "ऐका. तुम्ही तेवीसही जण पॉइंट एक सात घ्या. जी काही तूट येईल ती माझी एकट्याची. मला चार पॉइंट शून्य नऊ चालेल."

आता याला त्याग म्हणतात की नाही? कोणी टाळ्या वाजवायच्या, निदान मान तरी डोलवायची. पण सगळे काकांकडे संशयाने बघायला लागले.

"का?" वकीलसाहेबांनी डोळे बारीक केले. "आपणहून कमी कोण मागतं? त्या शून्य नऊमध्ये काहीतरी फायदा असणार. नकाशेवाला माणूस आहे, त्याला आतली माहिती असते. तसं असेल तर शून्य नऊ मलाच द्या!"

"मलाही शून्य नऊच पाहिजे," तळमजल्यावरची बाई म्हणाली. आणि बघता बघता अकरा जणांनी शून्य नऊवर हक्क सांगितला. काकांना वाटलं, यापेक्षा गळक्या नळांचं खातं बरं होतं.

तोवर पावणेबारा झाले. ज्या उन्हासाठी सगळे भांडत होते, त्या उन्हात कोणाला उभं राहवेना. अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. "सभा खाली न्या. मीटरच्या खोलीपुढे सावली आहे."

सगळा लोंढा जिन्याने आणि लिफ्टने तळमजल्यावर उतरला आणि भांडण तिथे पुढे सुरू झालं. बोळ अरुंद, माणसं पंचवीस-तीस, आणि घड्याळजींच्या दाराआडून मशीनचा घर्रर्र आवाज. त्याच्या वर आवाज काढायचा म्हणून वकीलसाहेब तारस्वरात ओरडत होते. काकांनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. बाराला एक मिनिट कमी होतं.

"मी पुन्हा सांगतो," वकीलसाहेब गरजले, "ज्याच्या डोक्यावर ऊन, त्याचा पहिला—"

मशीन थांबलं.

"—हक्क!" हा शब्द त्या शांततेत असा काही दणाणला की, वकीलसाहेब स्वतःच दचकले.

"मशीन बंद पडलं की काय त्यांचं?" अध्यक्षबाई म्हणाल्या आणि दार ढकलून आत गेल्या. दारातून सगळ्यांनी माना आत घातल्या. घड्याळजी खिडकीशी ताठ बसलेले, नळी काढून ठेवलेली, ओठ जरा निळसर. एवढी माणसं बघून त्यांनी एक बोट वर केलं आणि कागद पुढे धरला. तोच कागद होता, रोजचा. 'तीनला या.'

अध्यक्षबाईंनी तो वाचला. मग बटणाकडे पाहिलं. मग त्या काकांकडे वळल्या. "हे रोज चालतं?"

काकांनी वचन दिलं होतं. ते एक अक्षर बोलले नाहीत. फूटपट्टी वाकली नाही. डोळे मात्र भरून आले, त्याला ते तरी काय करणार? चोवीस बिऱ्हाडांना जे कळायचं ते कळलं.

अध्यक्षबाई पुढे झाल्या आणि त्यांनी खटकन बटण दाबलं. मशीन घर्रर्र करायला लागलं. "बावीस वर्षं मुख्याध्यापिका होते मी," त्या म्हणाल्या. "माझ्यासमोर कोणी श्वास रोखून बसायचं नाही. लावा ती नळी नाकाला!"

घड्याळजी इतके चकित झाले की, त्यांनी मुकाट्याने नळी लावली.

तळमजल्यावरची बाई पदराशी चाळा करत राहिली. वकीलसाहेब चष्मा पुसत होते, चांगला स्वच्छ असलेला. एवढ्यात मागून काकूंचा आवाज आला.

"अहो, मी म्हणते, तो पॉइंटच काढून टाका ना. सगळ्यांनी चार-चार घ्या. सरळ."

"असं कसं? मग बेरीज..." काका सवयीने पुटपुटले. "चोवीस चोक शहाण्णव. उरले..." आणि ते थांबले. तीन दिवसांत ज्या माणसाने कागदाचा एक दस्ता संपवला होता, तो तोंड उघडं टाकून बायकोकडे बघत राहिला. "उरले चार. ते घड्याळजींच्या चारात घातले तर आठ. म्हणजे महिन्याला दोनशे छप्पन्न युनिट. मशीन खातं अडीचशे."

केवढं स्वच्छ गणित! एकही पॉइंट नाही, काही उरत नाही, काही कमी पडत नाही. काकांना वाटलं, हा हिशेब पंधरा कोटी किलोमीटरवरूनच तयार होऊन आला असणार. आपण नुसते मध्ये हात घालत होतो.

"चार-चार मला मान्य," तळमजल्यावरची बाई म्हणाली. मागोमाग हात वर झाले. मघाशी गच्चीवर जे वर होत नव्हते, तेच हात.

"नको," घड्याळजी म्हणाले. आवाज बारीक, पण कडक. "उपकार झाले तुमचे. पण दान नको मला."

हात जिथल्या तिथे राहिले. काकांना वाटलं, संपलं. आता पुन्हा चाळीस दिवस.

वकीलसाहेबांनी घसा खाकरला. "दान? दान कोण देतंय? मी फुकट देणारा माणूस दिसतो का?"

"नाही," सगळी इमारत एका सुरात म्हणाली.

"मग झालं तर! करार वाचलाय कोणी? सामाईक विजेची रोजची नोंद ठेवायची, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी हरकत घेतलेली आहे त्याच्यावर. ती नोंद कोण ठेवणार? मीटरसमोर दिवसभर कोण बसतं? एका सेकंदाची चूक कोणाला खपत नाही? हे पद आहे, घड्याळजी, आणि पदाला मानधन असतं. चार टक्के. पण अटी कडक आहेत, आधीच सांगतो. दुपारी बारा ते तीन, ऊन रणरणत असताना, दर तासाला आकडा वाचायचा. आणि वाचायचा तो मोठ्याने! पाचव्या मजल्यावर मला ऐकू आला पाहिजे. माझा या इमारतीत कोणावर विश्वास नाही."

"मोठ्याने वाचायचं म्हणजे," घड्याळजी हळूच म्हणाले, "श्वास लागेल मला."

"तो तुमचा प्रश्न. मशीन चालू ठेवा. एक दिवस जरी दुपारी बंद आढळलं, तरी मी नोटीस काढीन!" एवढं बोलून वकीलसाहेबांनी तोंड फिरवलं आणि पुन्हा चष्मा पुसायला घेतला.

आयुष्यभर ज्यांच्याशी काकांचं एकाही गोष्टीवर पटलं नव्हतं, त्या माणसाचे पाय धरावेत, असं त्यांना वाटलं. बोळ अरुंद होता म्हणून राहिलं.

घड्याळजी बराच वेळ खिडकीतून मीटरच्या खोलीकडे बघत बसले. शेवटी ते म्हणाले, "नोंद ठेवायची तर आधी त्या खोलीतलं घड्याळ नीट करावं लागेल. चार मिनिटं पुढे आहे. तीन वर्षं बघतोय मी. कोणी विचारलंच नाही मला."

अध्यक्षबाईंनी घंटा वाजवली. सभा संपली.

तीस तारखेला सकाळी काका पुन्हा तिसऱ्या टेबलासमोर उभे राहिले. कारकुनाने तेवीस वेळा चार टाकले, एकदा आठ टाकले आणि बटण दाबलं. शंभर पॉइंट शून्य शून्य. त्याने पुन्हा दाबून पाहिलं. तेच.

"असमान वाटणीचं कारण?" त्याने विचारलं आणि वकीलसाहेबांनी लिहून दिलेला मजकूर वाचायला घेतला. वाचता वाचता त्याने पेन खाली ठेवलं. "दर तासाला मोठ्याने?"

"पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं."

कारकुनाने अर्ज जवळ ओढला. "अकरा वर्षं मी हे अर्ज घेतोय, काका. पॉइंटसाठी भाऊ भावाशी बोलायचा थांबलेला पाहिलाय. पॉइंट सोडून दिलेला हा पहिलाच अर्ज." आणि त्याने शिक्का असा मारला की, शेजारच्या टेबलावरचा चहा हिंदकळला. लाल गोल कुठेच नव्हता. येताना काकांनी अर्ज सुलटा धरला होता, रस्त्यावरच्या लोकांना वाचता यावा असा.

त्यानंतर आठ दिवसांनी यंत्रणा सुरू झाली. बाराला दोन मिनिटं कमी असताना इंजिनिअरबाईने गच्चीवर दांडी वर केली. लाल दिवा हिरवा झाला. कसला आवाज नाही, धूर नाही, काही फिरलं नाही, काही हललं नाही. लोक म्हणाले, "झालं? एवढंच?" पण डब्यावरचं शून्य हललं आणि आकडे चढायला लागले. चोवीस बिऱ्हाडं त्या आकड्याकडे बघत गप्प उभी राहिली. वकीलसाहेबांनीही हरकत घेतली नाही.

काका धावत खाली आले. घड्याळजी इस्त्रीचा शर्ट घालून खिडकीत बसले होते. नाकाला नळी, मांडीवर वही, आणि मशीन चालू. भर दुपारी चालू! बाराचा ठोका पडला.

"बारा वाजून शून्य मिनिटं, शून्य सेकंद!" घड्याळजींचा आवाज बोळातून जिन्यात गेला, जिन्यातून वर चढला. मग त्यांनी मीटरचा आकडा वाचला, एकेक अंक सुटा करून. वाचून झाल्यावर थोडे थांबले आणि छाती भरून श्वास घेतला.

"ऐकू आलं!" पाचव्या मजल्यावरून वकीलसाहेब ओरडले.

काका भिंतीला टेकून उभे राहिले. अकरा वाजून एकावन्न मिनिटं चाळीस सेकंदांनी जे ऊन सूर्यावरून निघालं होतं, ते आत्ता, या क्षणी, त्यांच्या मित्राच्या छातीत शिरत होतं. वाटेत कुठेही न गळता. काकांना हे कोणालातरी सांगायचं होतं, पण सांगायला गेले असते तर रडू फुटलं असतं. म्हणून ते वर जाऊन आडवे झाले.

फरशीतून घर्रर्र आवाज येत होता. एक वाजता आकडा आला. दोन वाजता आला, मधल्या एका ढगाची नोंद सेकंदांसकट. काका छताकडे बघत पडून होते.

"अहो, डोळा तरी मिटा जरा," काकू म्हणाल्या.

"आवाज थांबला तर?"

"आता कशाला थांबतोय तो?"

तीनचा ठोका पडला. खालून आकडा आला. आणि मग, मीटरच्या नोंदीत कुठेही न बसणारं असं, घड्याळजी आणखी एक वाक्य बोलले. तेही मोठ्याने, पाचव्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

"फूटपट्टी, जागे असाल, माहीत आहे मला. झोपा आता. मी चालू आहे."

काकांनी कूस बदलली, उशीला कान लावला आणि थोड्याच वेळात त्यांना झोप लागली.